डोळ्याखालची रेघ

आमच्या विभागात एकच मोठे टेबल आहे आणि गेली अठरा वर्षे आम्ही दोघी त्याच्या दोन बाजूंना बसतो आहोत. विद्यार्थ्यांच्या लेखी आम्ही बहुधा एकच व्यक्ती असू. एकीला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर दुसरी देते, एकीने सुरू केलेले वाक्य दुसरी पुरे करते, ह्याची त्यांना सवय झाली आहे. तेव्हा ह्या लेखात जी चूक कबूल करायची आहे तीही दोघींच्या नावावर राहू द्यावी. वर्गात ती प्रत्यक्ष कोणाच्या तोंडून गेली, हे आता आम्हांलाही सांगता येणार नाही.

प्रथम वर्षाच्या वर्गात प्रमाणभाषा आणि बोली हा घटक चालू होता. फळ्यावर दोन रकाने आखलेले होते; डावीकडे बोलीतले शब्द, उजवीकडे त्यांची प्रमाण रूपे. मुले आपापल्या गावाकडचे शब्द सांगत होती. जुन्नर तालुक्यातून आलेल्या एका मुलीने ‘बिबट्या’ हा शब्द दिला आणि आम्ही त्याच्यासमोर, क्षणाचाही विलंब न लावता, ‘चित्ता’ असे लिहिले. वर्तमानपत्रांत हे दोन शब्द कितीदा तरी एकमेकांच्या जागी वाचलेले. चित्ता जरा भारदस्त वाटतो, संस्कृताशी नाते सांगतो, एवढ्या भांडवलावर आमचा निर्णय झाला होता. मुलांनी तो वहीत उतरवून घेतला.

पुढे काही महिन्यांनी त्या मुलीच्या मामांची शेळी बिबट्याने उसात ओढून नेली. मामांना लिहितावाचता येते, पण सरकारी अर्ज म्हटला की घरातल्या ‘मराठीवाली’ला बोलावणे जाते. तिने वळणदार अक्षरात, अनुस्वारांसकट निर्दोष, असा भरपाईचा अर्ज लिहिला आणि त्यात अर्थातच प्रमाण शब्द वापरला. अर्ज परत आला. हा प्राणी महाराष्ट्रात आढळत नाही, अशा आशयाचा शेरा त्यावर होता. दुसरा अर्ज जाईपर्यंत शेळीचे अवशेष उरले नव्हते. पंचनामा करायचा तरी कशाचा? मामांना भरपाई मिळाली नाही. ती मुलगी तो परत आलेला कागद घेऊन आमच्या टेबलापाशी उभी राहिली. “मॅडम, तुम्ही असंच सांगितलं होतं,” एवढेच म्हणाली. आवाजात तक्रार नव्हती. ती असती तर आम्हांला बरे वाटले असते.

शेऱ्यात चूक नव्हती. चित्ता महाराष्ट्रातच काय, भारतातूनच गेलेला प्राणी. १९५२ साली तो देशातून नष्ट झाल्याचे सरकारी पातळीवर मान्य झाले. म्हणजे आम्ही त्या मुलीच्या मामांच्या शेळीचा खून एका नामशेष जनावराच्या माथी मारला होता.

त्यानंतर आम्ही चित्त्याच्या मागे लागलो. भाषेच्या माणसांनी करायचे ते प्रथम केले, म्हणजे शब्द उघडून पाहिला. ‘चित्ता’ हा संस्कृत ‘चित्रक’वरून आलेला. चित्र म्हणजे ठिपक्याठिपक्यांचे, अनेक रंगांचे. ज्याला आपण आज चित्र म्हणतो तो अर्थही त्याच मुळापासून फुटलेला. ज्या जनावराचे नावच ‘चित्रांकित’ असे आहे ते आता आपल्याकडे केवळ चित्रांत उरावे, हा योगायोग आम्हांला अस्वस्थ करून गेला. त्यात आणखी असे की इंग्रजीने हा शब्द इथूनच उचलला आणि जगभर नेला. शब्द आफ्रिकेत पोहोचला, जनावर इथे संपले.

पण शब्दांवर आमचा विश्वास त्या दिवसांत जरा कमीच झाला होता. इंग्रजांनीही हा घोळ आमच्याइतकाच मनसोक्त घातला आहे, हे कळल्यावर थोडा दिलासा मिळाला, एवढेच. एकोणिसाव्या शतकातले इथले साहेब बिबट्यालाही सर्रास ‘चिता’ म्हणत. परिणामी शिकारीच्या जुन्या हकिकतींत तो शब्द आला की नेमके कोणते जनावर मेले हे ठरवता येत नाही. दिव्यभानुसिंह ह्यांनी भारतीय चित्त्याच्या अखेरच्या वाटचालीवर ‘द एण्ड ऑफ अ ट्रेल’ हे पुस्तक १९९५ साली लिहिले. अशा घोळातून खऱ्या चित्त्याच्या नोंदी वेगळ्या काढणे म्हणजे किती चिकाटीचे काम, ह्याची कल्पना आता आम्हांला आली. नाव जिथे साक्ष देत नाही तिथे चित्राकडे जावे लागते. म्हणून आम्ही चित्रांकडे वळलो. चित्रकलेतले आम्हांला काही कळत नाही, हे आधीच सांगून टाकतो.

पहिले चित्र आम्हांला पुण्याचेच भेटले, आणि ते चित्त्याचे नव्हते. पर्वतीच्या पायथ्याशी, आज जिथे सारसबाग आणि पेशवे उद्यान आहे त्या भागात, पेशव्यांचा शिकारखाना होता. आमच्यापैकी एक सदाशिव पेठेतच वाढली. १९५३ साली सुरू झालेल्या पेशवे उद्यानातल्या प्राणिसंग्रहालयात दर मे महिन्यात ‘फुलराणी’त बसायला जाणे हा तिच्या बालपणाचा भाग. १९९९ मध्ये कात्रजला नवे प्राणिसंग्रहालय झाले आणि पुढे इथले पिंजरे रिकामे झाले. त्या जागी त्याच्याही दीडशे वर्षे आधी पिंजरे होते, हे तिला कोणी सांगितले नव्हते. त्या शिकारखान्यातल्या गेंड्याचे जलरंगातले एक चित्र आहे, नोव्हेंबर १७९० मधले. काढणाऱ्याचे नाव गंगाराम चिंतामण नवगिरे तांबट. चित्र अमेरिकेत येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कलेच्या संग्रहालयात आहे. इंग्रजांचा पुण्यातला वकील चार्ल्स मॅलेट ह्याच्यासाठी गंगारामाने काम केले. पुढे जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार पुण्यात आला तेव्हा वेरूळच्या लेण्यांची चित्रे काढण्यात गंगारामाचा मोठा वाटा होता. सवाई माधवराव, नाना फडणवीस ह्यांची वेल्सने काढलेली चित्रे आपण शाळेपासून पाहत आलो. पण गंगारामाचे नाव, मराठीच्या पदव्युत्तर पदव्या घेऊनही, आम्हांला चाळिशी उलटल्यावर कळले. १७९५ च्या अखेरीस काही आठवड्यांच्या अंतराने तो पेशवाही गेला आणि वेल्सही. गंगाराम मागे राहिला तो कागदांच्या समासांत.

त्याचे आडनाव तांबट. कसबा पेठेतल्या तांबट आळीत आजही तांब्याच्या भांड्यांवर हातोडी पडताना ऐकू येते. एके शनिवारी आम्ही तिथे मुद्दाम गेलो; काही शोधण्यासाठी नव्हे, गंगाराम तिथेच राहत होता असेही आम्हांला म्हणायचे नाही. घंगाळ्यावर मठारकाम चालले होते. एकसारखे ठोके, एकाशेजारी एक, आणि पृष्ठभागावर उमटत जाणाऱ्या लहान लहान वर्तुळांच्या ओळी. गेंड्याच्या कातडीवरचे गोल उंचवटे असेच दिसतात, असे एकीच्या मनात आले आणि दुसरीने ते बोलून दाखवले. हा निव्वळ आमच्या मनाचा खेळ असेल. पण त्यानंतर ते चित्र पडद्यावर पाहताना हातोडीचा आवाज येतोच.

गंगारामाच्या गेंड्याची खरी किंमत कळते ती ड्यूररचा गेंडा शेजारी ठेवला की. १५१४ साली गुजरातच्या सुलतानाकडून पोर्तुगीजांना एक गेंडा मिळाला. अल्बुकर्कने तो १५१५ साली गोव्याहून लिस्बनला धाडला. न्यूरेंबर्गमधल्या आल्ब्रेख्त ड्यूररने तो कधीही पाहिला नाही. एका पत्रातले वर्णन आणि एक कच्चे रेखाटन एवढ्यावरून त्याने लाकडी ठसा कोरला. अंगावर चिलखताचे पत्रे, पत्र्यांना जणू खिळे, आणि खांद्यावर एक जादा शिंग. गेंडा पुढच्याच वर्षी इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाजासकट बुडाला, ठसा मात्र छापला जात राहिला आणि जवळजवळ अडीचशे वर्षे युरोपाने गेंडा म्हणून तोच मानला. गंगारामासमोर जिवंत जनावर होते. त्याला खांद्यावर शिंग काढायची गरज पडली नाही.

फळ्यावरचा आमचा ‘चित्ता’ हा ड्यूररच्या जातीचा होता. ऐकीव, आत्मविश्वासपूर्ण आणि पुष्कळ वह्यांत उतरलेला.

चित्त्याचे चित्र सापडले ते एका इंग्रजाचे. जॉर्ज स्टब्ज हा घोड्यांचा चित्रकार म्हणून प्रसिद्ध. घोड्याची शवे स्वतः फाडून त्याने त्यांची शरीररचना अभ्यासली होती. १७६४ साली मद्रासचा माजी गव्हर्नर जॉर्ज पिगॉट ह्याने तिसऱ्या जॉर्ज राजाला भारतातला एक चित्ता भेट दिला. त्याच्याबरोबर दोन भारतीय सेवक गेले. त्या वर्षीच्या ३० जून रोजी विंडसरच्या राजोद्यानात त्याला एका नर हरणावर सोडण्यात आले; दरबारी मंडळी शिकारीचा हिंदुस्थानी थाट पाहायला जमलेली. हरीण पळाले नाही. त्याने शिंगे रोखली आणि चित्त्यालाच हुसकावून लावले. स्टब्जने ही फजिती रंगवली नाही. त्याने तिच्याआधीचा क्षण घेतला. हे चित्र आज मँचेस्टरच्या कलादालनात आहे. पांढऱ्या पोशाखातले दोन भारतीय, त्यांच्यामध्ये चित्ता, डोळ्यांवरची लाल टोपी मागे सरकवलेली. एक जण त्याला धरून आहे, दुसरा हरणाकडे बोट दाखवतो आहे.

आम्ही ह्या चित्रासमोर, म्हणजे त्याच्या छापील प्रतीसमोर, बराच वेळ बसलो. चित्ता पोटाशी आत ओढलेला, पाय लांब, डोके लहान. अंगावरचे ठिपके भरीव, एकेक सुटा. बिबट्याच्या अंगावर असतात तशी पाकळ्यापाकळ्यांची कडी नव्हेत. त्या दोन माणसांची नावे चित्राच्या शीर्षकात नाहीत. जनावराची माहिती शोधता शोधता माणसांची माहिती हातून निसटते, हे आम्हांला तेव्हापासून वारंवार जाणवत राहिले.

चित्त्याची शिकार, म्हणजे चित्त्याकडून करवलेली शिकार, हा सगळाच माणसांच्या हातांवर चालणारा उद्योग होता. अकबराकडे एका वेळी हजार चित्ते असल्याचे सांगतात. एका पराक्रमी चित्त्याला तर पुढे नगारा वाजवत नेण्याचा मान मिळाला होता. बैलगाडीवर चित्ता बसवायचा, डोळ्यांवर टोपी, गाडी काळविटांच्या कळपाजवळ न्यायची आणि टोपी काढायची. बैलगाडीला काळवीट बिचकत नसे. ह्या राजेशाही खेळाची मेख अशी की बंदिवासात चित्त्याची वीण होत नसे. जहांगिराच्या काळातला एक प्रसंग सोडला तर शतकानुशतके ती झाल्याची नोंद नाही. पिंजऱ्यात वाढवलेल्या पिल्लाला शिकारही येत नाही; ती आईकडून शिकायची असते. म्हणजे दरबारी लागणारा प्रत्येक चित्ता रानातून, वयात आलेला, धरून आणलेला. धरणारे कोण? जुन्या जातिवर्णनांत पारध्यांच्या एका पोटशाखेचे नाव ‘चित्तापारधी’ असे येते. राजेरजवाडे संपले, काळविटांची माळराने नांगराखाली गेली, ब्रिटिश काळात काही प्रांतांत चित्ता मारणाऱ्याला बक्षीसही मिळू लागले. आणि पारध्यांच्या वाट्याला पुढे गुन्हेगार जमातींच्या कायद्याचा शिक्का आला. जनावराचे नाव ज्यांच्या नावात होते त्यांच्याकडे त्याचे एकही चित्र नाही. कोल्हापूर संस्थानात विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातही चित्त्यांनी काळवीट धरण्याचा खेळ चालू होता, पण तोवर देशी चित्ता इतका विरळ झाला होता की आफ्रिकेतून चित्ते आणावे लागत.

शास्त्रानेही ह्या प्राण्याला ओळखले ते कागदावरूनच. १८२१ साली एडवर्ड ग्रिफिथने भारतातल्या चित्त्याला ‘फेलिस व्हेनॅटिका’ असे नाव दिले. त्याला आधार होता एका रेखाचित्राचा. आज आशियाई चित्त्याच्या शास्त्रीय नावातला ‘व्हेनॅटिकस’ तिथून आलेला आहे. व्हेनॅटिकस म्हणजे शिकारी, शिकारीच्या कामाचा. हुजऱ्याला त्याच्या कामावरून नाव पडावे तसे. त्याच्या आसपासच्या काळात पुण्यात विल्यम हेन्री साइक्स नावाचा एक लष्करी अधिकारी दख्खनची खानेसुमारी करत फिरत होता. त्याने १८३१-३२ मध्ये दख्खनच्या सस्तन प्राण्यांच्या आणि पक्ष्यांच्या याद्या प्रसिद्ध केल्या. प्राण्यांची मराठी नावे तो विचारून घेई. रानकुत्र्यापुढे त्याने ‘कोळसून’ हा शब्द जपून लिहून ठेवला आहे. त्याच्या यादीत चित्ताही आहे. दोनशे वर्षांपूर्वीचा एक परदेशी शिपाईगडी शेतकऱ्याला विचारतो की ह्याला काय म्हणता. आणि आम्ही, मराठीच्या प्राध्यापिका, समोर बसलेल्या मुलीने न विचारता दिलेला शब्द खोडून दुसरा लिहितो.

शेवटचे चित्र हे चित्र नव्हे, छायाचित्र आहे. १९४७ साली, आजच्या छत्तीसगडमधल्या कोरिया संस्थानचे राजे रामानुज प्रताप सिंह देव ह्यांनी एका रात्री तीन चित्ते मारले. तिन्ही नर, बहुधा एकाच विणीचे भाऊ. मेलेले चित्ते समोर मांडून काढलेले छायाचित्र मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकाकडे आले. ती हकिकत वाचून संपादकांना इतकी किळस आली की ती केराच्या टोपलीत टाकावी असेच त्यांना प्रथम वाटले. मग आरोपपत्र म्हणून त्यांनी ती छापली. ह्या छायाचित्रात ठिपके स्पष्ट दिसतात, संशयाला जागा नाही. पुराव्याच्या दृष्टीने ते स्टब्जपेक्षा, गंगारामापेक्षा सरस मानावे लागेल. आम्हांला मात्र ते दुसऱ्यांदा पाहवले नाही. स्टब्जच्या चित्रात चित्ता हरणाकडे पाहतो. छायाचित्रात पाहतो आहे तो फक्त राजा, आणि तोही आपल्याकडे.

(पुढे १७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियातून आठ आणि २०२३ च्या फेब्रुवारीत दक्षिण आफ्रिकेतून बारा चित्ते मध्य प्रदेशातल्या कुनो राष्ट्रीय उद्यानात आणले गेले. ते आफ्रिकेतल्या उपजातीचे. आपल्याकडचा जो होता त्याचे सगेसोयरे आज फक्त इराणात, अगदी थोड्या संख्येने उरले आहेत. कुनोच्या बातम्यांमुळे मराठी वर्तमानपत्रांना निदान शब्द तरी जपून वापरावा लागतो, हेही नसे थोडके.)

ह्या सगळ्या खटाटोपाच्या अखेरीस आम्ही प्रथम वर्षाच्या वर्गात पुन्हा गेलो. ती मुलगी एव्हाना दुसऱ्या वर्षाला गेली होती, तिला बोलावून घेतले. स्टब्जच्या चित्राची रंगीत प्रत आणि शेजारी बिबट्याचे एक छायाचित्र फळ्यावर चिकटवले आणि आमची चूक काय होती हे सांगायला सुरुवात केली. ठिपक्यांचा फरक समजावत होतो तेवढ्यात ती उठून पुढे आली. चित्त्याच्या तोंडाशी बोट नेऊन म्हणाली, “मॅडम, ठिपके रात्री कुठं दिसतात? ह्याच्या डोळ्याखाली रेघ आहे बघा. डोळ्यापासून तोंडापर्यंत, काळी. आमच्याकडच्याला नसते.”

आम्ही दोघी इतके दिवस त्या चित्रासमोर बसलो होतो. ठिपके मोजले होते, टोपीचा रंग नोंदवला होता. अश्रूंच्या ओघळासारखी ती काळी रेघ आम्ही पुस्तकांत वाचलीही होती. चित्रात ती पाहिली नव्हती.

जानेवारीत ती आम्हांला गावी घेऊन गेली. शेळीची किंमत आम्ही देऊ केली, ती मामांनी हसून नाकारली. “तुमची काय चूक? जनावर त्यानं नेलं,” असे म्हणून उसाकडे हात केला. मामी चहा ठेवायला आत गेल्या. संध्याकाळ होत आली होती, शेळ्या जाळीच्या आत घेणे चालले होते. दाराला आता दुहेरी कडी आहे. मामा बिबट्याला वाघच म्हणतात. बिबट्या हा शब्द, त्यांच्या मते, पेपरवाल्यांचा.

पिशवीतून आम्ही स्टब्जची प्रत काढली. मामांनी ती उजेडाकडे धरली, बराच वेळ पाहिली. “बारीक आहे,” म्हणाले. “कुत्र्यावाणी पाय. हा उसात राहायचा नाही, ह्याला मोकळं रान पाहिजे.” मग त्या दोन माणसांकडे बोट केले. “हे कोण?”

नावे ठाऊक नाहीत, असे आम्ही सांगितले. चित्त्याबरोबर बोटीतून विलायतेला गेलेली माणसे.

“मग परत आली का?”

ह्याचेही उत्तर आमच्याकडे नव्हते. मामी चहा घेऊन आल्या. मामांनी चित्र त्यांच्या हाती दिले, त्यांनी ते आतल्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेच्या खिळ्याला अडकवले, आणि निघताना ते परत मागायचे आमच्याने झाले नाही.